दीड इंचाचं भिंग, दोन मिनिटांची रात्र

मोबाइलवर नकाशा उघडा. सोलापूर जिल्ह्यातलं, करमाळा तालुक्यातलं जेऊर शोधा. मग अमरावती जिल्ह्यात या आणि धामणगाव-पुलगावच्या मधलं तळणी शोधा. छोटंसं रेल्वे स्टेशन आहे, पटकन दिसणार नाही. आता जेऊर आणि तळणीला जोडणारी एक सरळ रेघ ओढा. कुठून जाते ती? आपल्या वाशिम जिल्ह्यातून, मानोऱ्याच्या अगदी जवळून.

सावलीची खरी वाट फूटपट्टीनं आखल्यासारखी नसते. पण ढोबळमानानं २२ जानेवारी १८९८ च्या भर दुपारी चंद्राची सावली याच वाटेनं गेली. कोकणात विजयदुर्गाच्या बाजूनं ती जमिनीवर चढली, मराठवाडा ओलांडून वऱ्हाडात आली आणि नागपूरच्या अंगानं पुढे बक्सरकडे निघून गेली. आवाजापेक्षा जास्त वेगानं! तेव्हाही वाशिम स्वतंत्र जिल्हाच होता बरं का, कागदोपत्री नाव बाशिम. १९०५ मध्ये तो अकोल्यात विलीन झाला आणि पुन्हा जिल्हा व्हायला १९९८ उजाडलं, ग्रहणाला बरोबर शंभर वर्षं झाल्यावर.

त्या एका दुपारसाठी जगभरातले खगोलशास्त्रज्ञ महाराष्ट्रात उतरले होते. विजयदुर्गावर नॉर्मन लॉकयर, हेलियमला नाव देणारे. जेऊरला अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल, आणि त्यांच्या शेजारी आपले कावसजी नायगमवाला. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीत, ते प्राध्यापक होते. पुलगावला आणखी एक इंग्रज तुकडी. या सगळ्यांकडे मोठमोठ्या दुर्बिणी होत्या, हुद्दे होते, पाठीशी संस्था होत्या.

आणि तळणीला ॲनी मॉन्डर होती. वय २९. हातात पदवी नाही, नोकरी नाही. कॅमेरा मात्र स्वतःचा. त्याचं भिंग फक्त दीड इंचाचं.

त्या दोन मिनिटांत सूर्याच्या प्रभामंडलाचा सगळ्यात लांब किरण कुणाच्या काचेवर उमटला असेल? तिच्याच. तोवरच्या जगातल्या कुठल्याही ग्रहणाच्या फोटोत इतका लांब किरण आला नव्हता. हे कसं झालं ते समजून घ्यायचं तर तिची गोष्ट थोडी मागून सुरू करायला हवी.

ॲनी रसेल (लग्नाआधीचं आडनाव) १८६८ च्या एप्रिलमध्ये आयर्लंडमधल्या स्ट्राबेन गावी जन्मली. वडील प्रेस्बिटेरियन पंथाचे धर्मोपदेशक. शाळा बेलफास्टला झाली. अभ्यासात पोरगी इतकी तेज की १८८६ मध्ये केंब्रिजच्या गर्टन कॉलेजची शिष्यवृत्ती मिळाली. गर्टन हे मुलींसाठी काढलेलं कॉलेज. विषय गणित. केंब्रिजची गणिताची ट्रायपॉस परीक्षा म्हणजे त्या काळची सगळ्यात घाम काढणारी परीक्षा. १८८९ मध्ये ॲनीनं ती दुसऱ्या श्रेणीत काढली आणि आपल्या वर्षातल्या गर्टनच्या मुलींमध्ये पहिली आली.

पण पदवी? नाही मिळाली. केंब्रिज मुलींना परीक्षेला बसू द्यायचं, निकाल वाचून दाखवायचं, पदवी मात्र द्यायचं नाही. हा नियम बदलायला १९४८ साल यावं लागलं. म्हणजे आपल्याला स्वातंत्र्य आधी मिळालं आणि केंब्रिजच्या मुलींना पदवी नंतर! ॲनी तेव्हा हयात नव्हती.

परीक्षेनंतर ती जर्सी बेटावरच्या एका मुलींच्या शाळेत गणित शिकवायला लागली. वर्षाला ८० पौंड आणि राहायची सोय. बरं चाललं होतं. तेवढ्यात तिची गर्टनची मैत्रीण ॲलिस एव्हरेट हिच्याकडून कळलं की ग्रिनिचची रॉयल वेधशाळा हुशार मुलींना ‘संगणक’ म्हणून घेतेय. यंत्र नव्हे, माणूस. दिवसभर आकडेमोड करणाऱ्याला तेव्हा कॉम्प्युटर म्हणायचे. एरवी ही कामं शाळा सुटलेल्या पोरांना देत. पगार महिन्याला ४ पौंड, म्हणजे वर्षाचे ४८. शाळेतल्या पगाराच्या जवळपास निम्मा. एवढ्यात लंडनमध्ये राहणं कठीण आहे, असं तिनं वेधशाळेला कळवूनही पाहिलं. आकडा बदलला नाही. तरी १८९१ च्या सप्टेंबरमध्ये ती रुजू झाली.

तुमच्यापैकी कुणी हे केलं असतं तर घरच्यांनी काय म्हटलं असतं ते मला लिहून सांगायची गरज नाही.

तिला काम मिळालं सूर्य विभागात. विभागप्रमुख एडवर्ड वॉल्टर मॉन्डर. काम असं : रोज, आभाळ निरभ्र असेल तेव्हा, सूर्याचा फोटो काढायचा. काच धुवायची म्हणजे डेव्हलप करायची. मग त्यावर दिसणाऱ्या सूर्यडागांची जागा आणि क्षेत्रफळ मोजून वहीत मांडायचं. उद्या पुन्हा तेच. लंडनचं आभाळ तुम्हाला माहीतच आहे. ग्रिनिचला ढग असले की त्या दिवसाची जागा रिकामी राहू नये म्हणून डेहराडूनला आणि मॉरिशसला काढलेले फोटो मागवले जात. अशी वर्षानुवर्षांची, जमेल तितकी अखंड मालिका तयार होत होती. वरवर पाहिलं तर हे कारकुनी काम. पण रोज एकच वस्तू, एकाच पद्धतीनं, कंटाळा न करता पाहत राहिलं की हात आणि डोळा तयार होतात. कोणत्या काचेला किती प्रकाश पुरतो, किती झाला की काच जळते, पुसट रेघ कशी दिसते आणि नुसता डाग कसा दिसतो, हे तिच्या बोटांत इथे उतरलं असणार. ग्रहणाच्या दोन मिनिटांत विचार करायला वेळ नसतो. तेव्हा हीच बोटं कामी येतात.

१८९२ मध्ये मॉन्डरनं तिचं नाव रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सदस्यत्वासाठी सुचवलं. नामंजूर. कारण उघड होतं, बाई. सुदैवानं दोन वर्षांपूर्वी मॉन्डरनंच पुढाकार घेऊन ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशन नावाची हौशी आकाशनिरीक्षकांची संघटना काढली होती. तिथे बायकांना दार पहिल्यापासून उघडं होतं. ॲनी तिथे गेली आणि लवकरच त्यांच्या नियतकालिकाचं संपादन करू लागली.

१८९५ च्या डिसेंबरअखेरीस ॲनीनं वॉल्टर मॉन्डरशी लग्न केलं. तो विधुर, तिच्यापेक्षा १७ वर्षांनी मोठा, पाच मुलांचा बाप. आणि लग्नाबरोबर तिची नोकरी गेली. सरकारी नोकरीत विवाहित स्त्री चालत नसे. वॉल्टरची नोकरी अर्थातच राहिली. तोच सूर्य, तीच वेधशाळा, तेच काम करणारी दोन माणसं. एकाला दारातून आत सोडतात, दुसरीला नाही.

बघा, इथे ही गोष्ट संपायला हरकत नव्हती. अशा शेकडो गोष्टी इथेच संपल्या आहेत. पण गर्टन कॉलेजनं तिला संशोधनासाठी एक अनुदान दिलं, आकाशगंगेचे फोटो काढण्यासाठी. त्या पैशांतून तिनं आपला छोटा कॅमेरा तयार केला. भिंग दीड इंच व्यासाचं, डॉलमायर कंपनीचं. नाभीय अंतर कमी, त्यामुळे एका काचेवर आभाळाचा भलामोठा तुकडा मावायचा. वेधशाळेतल्या दुर्बिणींपुढे ते खेळणं वाटावं असंच. पण आकाशगंगेसारखी पसरलेली, अंधूक गोष्ट टिपायला कसं भिंग लागतं, याचा तिचा विचार पक्का होता. आणि सूर्याचं प्रभामंडल हेही पसरलेलं आणि अंधूकच असतं.

पहिला प्रयत्न वाया गेला होता. १८९६ च्या ऑगस्टमध्ये नवरा-बायको नॉर्वेच्या टोकाला वाड्सोला गेले आणि ऐन वेळी ढग आले. ग्रहण पाहणाऱ्यांच्या नशिबी हे असतंच. पुढचं ग्रहण भारतात होतं, जानेवारीत. वऱ्हाडातली जानेवारीतली दुपार! यापेक्षा चांगलं आभाळ कुठे मिळणार?

मात्र हिंदुस्थानात तो काळ काही साधा नव्हता. मुंबईत प्लेगचं थैमान होतं. आदल्या वर्षीचा दुष्काळ लोकांच्या अंगावर अजून दिसत होता. पुण्यात रँडचा खून होऊन सात महिने झाले होते. ‘ओरायन’ लिहून वेदांचा काळ नक्षत्रांवरून मोजू पाहणारे टिळक त्या वेळी तुरुंगात होते. अशा दिवसांत ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनची माणसं मुंबईला उतरली आणि रेल्वेनं पांगली. काही बक्सरला गेली, काही तळणीला. तळणीच्या तुकडीत मॉन्डर पती-पत्नींबरोबर जॉन एव्हरशेड होता. पुढे हाच एव्हरशेड कोडईकनाल वेधशाळेचा संचालक झाला. बक्सरच्या गटाची एक गंमत सांगतो आणि पुढे जातो. त्यांनी ग्रहणाचं चक्क चलचित्र घेतलं होतं, सिनेमा जन्मून जेमतेम दोन वर्षं झाली असताना. परतीच्या वाटेत ती फिल्म गायब झाली ती कायमची.

आता तळणीची दुपार. सूर्य हळूहळू कोरला जातोय. या टप्प्याला तास-सव्वा तास लागतो आणि तो धोक्याचा असतो, कारण सूर्याचा उरलेला तुकडा कितीही बारीक असला तरी डोळा जाळतो. मग शेवटचा ठिपका विझतो, आणि सुमारे दोन मिनिटं, फक्त तेवढीच दोन मिनिटं, काळ्या चंद्राभोवती मोत्याच्या रंगाचं प्रभामंडल उघडतं. सूर्यबिंबाच्या दहा लाखाव्या हिश्शाइतका त्याचा प्रकाश. फार तर पौर्णिमेच्या चंद्राएवढा. बिंबाजवळ तो बऱ्यापैकी उजळ असतो आणि बाहेर जाता जाता विरून जातो. फोटो काढणाऱ्यापुढचा पेच हाच : जवळचा भाग नीट यावा म्हणून कमी वेळ दिला तर बाहेरचे किरण येतच नाहीत.

मोठ्या दुर्बिणी जवळच्या भागाचे तपशील टिपण्यासाठी होत्या. त्यांची नाभी लांब, चित्र मोठं, आणि त्यामुळे प्रकाश पसरून पातळ झालेला. तारा टिंबासारखा असतो, त्याला मोठं भिंग हवं. पण पसरलेल्या उजेडाच्या बाबतीत भिंग किती रुंद आहे यापेक्षा रुंदी आणि नाभीय अंतर यांचं प्रमाण महत्त्वाचं असतं. तुमच्या कॅमेऱ्यावर ‘एफ’ म्हणून जो आकडा असतो ना, तोच. ॲनीच्या भिंगात सूर्य काही मिलिमीटरचाच दिसत होता, पण सगळा प्रकाश तेवढ्याशा जागेत गोळा होत होता आणि बाजूला भरपूर मोकळं आभाळ काचेवर येत होतं. काचा तिनं मुद्दाम जास्त संवेदनशील निवडल्या होत्या.

काच धुतल्यावर दिसलं ते असं. एका बाजूला निघालेला एक सरळ किरण सूर्याच्या त्रिज्येच्या सुमारे १४ पट लांब गेलेला. किलोमीटरमध्ये सांगायचं तर एक कोटीच्या घरात. आज आपल्या आदित्य-एल१ यानावरचा प्रभामंडल पाहणारा कॅमेरा कृत्रिम चकतीनं सूर्य झाकतो आणि सूर्याच्या तीन त्रिज्यांपर्यंतचं प्रभामंडल बारकाईनं बघतो. त्याचं काम वेगळं, आतल्या भागाचं. तुलना करायची नाही. पण १४ हा आकडा किती लांबचा आहे याचा अंदाज यावा म्हणून सांगितलं.

आता जरा तुमच्याकडे वळू. तुमच्याकडे डॉलमायरचं भिंग नाही. पण सुई आहे ना?

२ ऑगस्ट २०२७ ला सूर्यग्रहण आहे. खग्रास दिसेल ते स्पेन, इजिप्त, अरबस्तानाच्या पट्ट्यात. आपल्याकडे दुपार कलताना खंडग्रास, म्हणजे सूर्याचा काही भागच झाकलेला. ऑगस्ट आहे, पावसाचा भरवसा नाही, म्हणून तयारी आधी करून ठेवा. नंतर २१ मे २०३१ चं कंकणाकृती दक्षिण भारतातून जाणार आहे, तेव्हाही आपल्याला खंडग्रास मिळेल. खंडग्रासात सूर्याकडे पाहायचं नाही. ग्रहणाचा प्रमाणित चष्मा नसेल तर क्षणभरही नाही. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, गॉगल, परातीतलं पाणी, यातलं काहीही डोळा वाचवत नाही. मोबाइलचा कॅमेराही थेट सूर्यावर धरू नका. आपल्याला सूर्याकडे पाठ करून सूर्य बघायचा आहे.

फ्रिजचा किंवा कूलरचा लांब खोका मिळवा. एका टोकाला चौकोन कापून त्यावर ॲल्युमिनियमची फॉइल ताणून चिकटवा, डबा गुंडाळतात तीच. फॉइलला सुईनं एकच छिद्र, कडा फाटू न देता. आतल्या विरुद्ध टोकाला पांढरा कागद, शक्यतो आलेखाचा. खोक्याच्या बाजूला तो कागद दिसेल अशी एक खिडकी कापा. छिद्र सूर्याकडे, तुमची पाठ सूर्याकडे. छिद्रातून कधीही बघायचं नाही, कागदाकडे बघायचं. कागदावर उमटणारा तो छोटा गोल म्हणजे सूर्याचं खरंखुरं चित्र. ग्रहण लागलं की त्याचा घास घेतलेला दिसतो, उलटा.

केवढा दिसेल? इथे एक सोपा हिशेब आहे. छिद्र आणि कागद यांच्यातल्या अंतराला साधारण १०८ नं भागा. एक मीटर अंतर असेल तर चित्र नऊ-साडेनऊ मिलिमीटरचं. बुटांच्या खोक्यात, तीस सेंटिमीटरवर, ते तीन मिलिमीटरही भरत नाही. म्हणून बुटांचा खोका करून निराश होऊ नका. आता मोह होईल की छिद्रच मोठं करू, चित्र उजळ दिसेल. उजळ दिसेल, पण धूसर. छिद्र फार बारीक केलं तरीही चित्र फिस्कटतं, कारण बारीक फटीतून जाताना प्रकाश पसरतो. एक मीटरसाठी एक ते दीड मिलिमीटर पुरे. उजेड की रेखीवपणा, काहीतरी सोडावं लागतं. ॲनीनं तळणीला नेमका हाच सौदा केला होता, फक्त उलट्या दिशेनं : चित्राचा आकार सोडला आणि उजेड घेतला.

मोठं चित्र हवं असेल तर खोका सोडा. एक लहानसा आरसा घ्या, त्यावर पाचेक मिलिमीटरचं भोक पाडलेला काळा कागद चिकटवा. आरसा व्हरांड्यात टेकवून त्याचा कवडसा समोरच्या अंधाऱ्या वर्गात भिंतीवर पाडा. दहा मीटरवर सूर्य नऊ सेंटिमीटरचा दिसतो आणि सगळा वर्ग एकदम बघू शकतो. कवडसा कुणाच्या डोळ्यांवर जाऊ देऊ नका एवढंच. आरसा चौकोनी असो नाहीतर तुटका, दूरच्या भिंतीवर गोलच येतो. का, ते तुम्हीच शोधा. आणि काहीच तयारी झाली नाही तर स्वयंपाकघरातली चाळणी उन्हात धरा, किंवा कडुलिंबाखाली जा. पानांच्या प्रत्येक फटीतून एकेक चंद्रकोर जमिनीवर पडलेली असते.

फोटो घ्यायचा तो या कागदावरच्या चित्राचा, म्हणून फोन सुरक्षित राहतो. फ्लॅश बंद. स्क्रीनवर चित्रावर बोट दाबून धरा, फोकस आणि उजेड तिथेच कुलूपबंद होतात. मग उजेड थोडा कमी करा, नाहीतर कोर पांढरीफटक येते. फोन स्टँडवर किंवा पुस्तकांच्या चळतीवर ठेवा. दर पाच मिनिटांनी एक फोटो, प्रत्येकाची वेळ लिहून. आरशाचं चित्र मात्र भिंतीवरून सरकत राहील. आभाळात सूर्य स्वतःच्या रुंदीइतकं अंतर साधारण दोन मिनिटांत कापतो, म्हणून आरसा पुन:पुन्हा हलवावा लागेल. आलेखाच्या कागदावर किती चौकोन झाकले गेले ते मोजा. वेळ आणि झाकलेला भाग यांचा आलेख काढला की तुम्ही ग्रिनिचच्या सूर्य विभागात ॲनीनं रोज केलं तसलंच काम केलेलं असेल. फक्त एकदा.

एक सांगायचं राहिलं. सुईच्या छिद्रानं प्रभामंडल दिसणार नाही. तेवढा उजेडच त्यातून येत नाही. ते बघायला खग्रासाच्या पट्ट्यातच जावं लागतं, आणि वाशिमला तो योग पुन:पुन्हा येत नाही. आकाशाशी या गावाचं जुनं नातं मात्र आहे. सातव्या शतकात पहिल्या भास्कराचार्यानं लंकेपासून उज्जैनमार्गे मेरूपर्यंत जाणाऱ्या मध्यरेषेवरची ठिकाणं मोजली, त्यात वत्सगुल्म आहे. वत्सगुल्म म्हणजे वाशिम. शहरातल्या मध्यमेश्वराच्या देवळाशी ही परंपरा जोडली जाते. आजच्या मोजणीत वाशिम उज्जैनच्या सव्वा अंशाहून जास्त पूर्वेला निघतं, हा भाग वेगळा.

तळणीनंतर ॲनीचं आयुष्य बदललं का? काही नोकरी मिळाली नाही. मोहिमेचा वृत्तांत पुस्तकरूपानं आला तो वॉल्टरच्या संपादनाखाली. ती ग्रहणांमागे फिरत राहिली : १९०० मध्ये अल्जिअर्स, १९०१ मध्ये मॉरिशस. १९०५ मध्ये कॅनडातल्या लॅब्राडोरपर्यंत गेली आणि तिथे पुन्हा ढग. एवढा समुद्र ओलांडून ढग बघून परत यायचं! पाचांतली दोन ग्रहणं तिची अशी गेली.

तिचं सगळ्यात गाजलेलं काम मात्र घरात, संध्याकाळी झालं. ग्रिनिचच्या कित्येक वर्षांच्या नोंदी घेऊन नवरा-बायको बसले. सूर्यावरच्या प्रत्येक डागाचा अक्षांश एकानं वाचायचा, दुसऱ्यानं कागदावर बारीक उभी रेघ मारायची. हजारो रेघा. आठवडाभर. कागद पूर्ण झाला तेव्हा त्यावर फुलपाखरांची रांग बसली होती. अकरा वर्षांच्या चक्राच्या सुरुवातीला डाग सूर्याच्या विषुववृत्तापासून दूर, दोन्ही बाजूंना उमटतात आणि चक्र पुढे सरकतं तसे विषुववृत्ताकडे येत जातात. दोन पंख मिटत आल्यासारखे. सूर्यावर शिकवणारं कुठलंही पुस्तक उघडा, हे फुलपाखरू सापडेल. भौतिकशास्त्र घेतलेल्यांनी पाहिलंही असेल. १९०४ मध्ये ते छापून आलं तेव्हा निबंधावर नाव एकाचंच होतं, वॉल्टरचं.

वॉल्टर वाईट माणूस होता असं मला वाटत नाही, उलट त्या काळाच्या मानानं तो बराच पुढचा. १९०८ मध्ये आकाशावर दोघांच्या नावानं एक पुस्तक आलं, ॲनीचं नाव आधी. प्रस्तावनेत वॉल्टरनं स्पष्टच सांगितलं आहे की हे जवळजवळ सगळं तिनं लिहिलंय. पण ज्या सोसायटीनं तिला आत घेतलं नव्हतं, तिच्या नियतकालिकात जायचं तर नवऱ्याचं नाव सोयीचं होतं. सोय अशीच असते. कुणी कुणाचं चोरत नाही आणि तरी एकाचं नाव शंभर वर्षं पुढे राहतं. दरम्यान स्वतःच्या एकटीच्या नावानंही ती लिहीत होती. १९०७ चा तिचा निबंध सूर्यबिंबाच्या पूर्व आणि पश्चिम बाजूंना दिसणाऱ्या डागांची संख्या सारखी का नसते यावर आहे. हजारो नोंदी चाळून काढलेला.

मग पहिलं महायुद्ध आलं. वेधशाळेतले पुरुष सैन्यात गेले, आणि जिला लग्न केलं म्हणून घरी बसवलं होतं तिची आठवण झाली. १९१५ पासून पाच वर्षं ॲनी पुन्हा ग्रिनिचच्या सूर्य विभागात काम करत होती. स्वयंसेवक म्हणून, म्हणजे बिनपगारी. त्या हिशेबानं पहिल्या खेपेचे चार पौंड बरे होते.

त्याच सुमारास सोसायटीनं आपली सनद बदलली आणि बायकांना दार उघडलं. १९१६ मध्ये ॲनी मॉन्डर सदस्य झाली. पहिल्या अर्जाला २४ वर्षं झाली होती आणि तिचं वय ४८ होतं. पुढे आपल्या जुन्या संघटनेच्या नियतकालिकाचं संपादन तिनं १९३० पर्यंत केलं. १९२८ मध्ये वॉल्टर गेला. ती त्यानंतर १९ वर्षं जगली आणि १५ सप्टेंबर १९४७ ला लंडनमध्ये वारली. आता रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटी तिच्या नावानं पदक देते, आणि ग्रिनिचला तिच्या नावाची एक नवी दुर्बीण २०१८ मध्ये बसली.

चंद्रावर मॉन्डर नावाचं एक विवर आहे, दोघांच्या नावानं. पौर्णिमेला गच्चीवरून शोधायला जाल तर सापडणार नाही. ते चंद्राच्या काठाच्या जरासं पलीकडे, आपल्याला न दिसणाऱ्या बाजूला आहे.